"एक इंचही बळकावला नाही" म्हणे!

नाममात्र_शेतकरी (धागाकर्ता)

काल शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने लांबलचक मजकूर टाकला. सार एवढंच : ज्यूंनी पॅलेस्टाईनमधली एक इंचही जमीन बळकावली नाही, सगळी रोख पैसे मोजून घेतली, अरबांनीच विकली, पैसे खाल्ले आणि आता शंभर वर्षं रडतायत. खाली सतरा अंगठे. तिथे बोललो तर ॲडमिन मला काढेल (कांद्याच्या निर्यातबंदीवरून एकदा काढून झालंय), म्हणून इथे.

विकत घेतली हे खरं आहे. पण कोणाकडून, ते त्या मजकुरात नाही.

१८५८ साली उस्मानी (ऑटोमन तुर्की) सरकारने जमिनीचा कायदा केला आणि जमिनी नावावर करून घ्या म्हणून सांगितलं. शेतकऱ्याला दोन धास्त्या. नाव लागलं की सारा मागणार, आणि पोरगा सैन्यात ओढणार. त्यात बऱ्याच गावांत जमीन 'मुशा', म्हणजे सामाईक. दर काही वर्षांनी वाटे फिरवायचे. मग कागद झाला तो गावच्या शेखच्या, शहरातल्या सावकाराच्या, नाहीतर बैरूतच्या व्यापाऱ्याच्या नावावर. नांगर होता तिथेच राहिला. कसणाऱ्याला वाटलं, आपलं काय जातंय? दोन पिढ्यांनी कळलं काय गेलं ते.

बैरूतच्या सुरसुक घराण्याकडे मर्ज इब्न आमिरमधली, म्हणजे ज्यू ज्याला इझ्रेएल खोरं म्हणतात तिथली, गावंच्या गावं होती. १९२१ ते १९२५ च्या दरम्यान त्यातली वीसएक त्यांनी ज्यू संस्थांना विकली. त्याआधी १९१०-११ मध्ये याच खोऱ्यातलं अल-फुला विकलं, तेव्हा नाझरेथचा कायमकाम (आपला प्रांत म्हणा) शुक्री अल-असली आडवा पडला होता. वरून बैरूतच्या वालीने त्याला गप्प केलं. जमीन त्याआधीही विकली जायचीच. नवा मालक आला की वाटा त्याला घालायचा, इतकाच फरक पडे. इथे मालक बदलला आणि त्याबरोबर कूळही उठलं. कारण १९०१ मध्ये निघालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा दंडकच असा, की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, पट्ट्याने द्यायची ती ज्यूंनाच, आणि तिच्यावर राबणारे हातही ज्यूंचेच हवेत.

आणि हे सगळं करूनही १९४७ साली ज्यूंच्या मालकीची जमीन सात टक्क्यांच्या आत होती. बाकीची कोणत्या खरेदीखताने आली, ते सतरा अंगठेवाल्यांनी सांगावं.

रोखठोक_वाकडकर

भावना पोचल्या. आता हिशेब.

सात टक्के ज्यूंचे म्हणजे त्र्याण्णव टक्के अरबांचे, असा अर्थ वाचणारा काढतो आणि तुम्हाला तो काढलेला हवाच आहे. देशाचा जवळजवळ अर्धा भाग बीरशेबा जिल्हा, त्यातलं बहुतेक वाळवंट. सरकारी जमीन, पडीक जमीन, ही कोणाच्या सातबाऱ्यावर होती?

विकणारे सगळे बैरूतचे हेही सोयीचं आहे. गावातल्या अरबांनी विकली, जेरुसलेमच्या पुढाऱ्यांच्या घराण्यांनी विकली. दिवसा ज्यूंविरुद्ध भाषण, संध्याकाळी दलालाकडे चहा. खोऱ्यात दलदल होती, मलेरियाने ज्यू वसाहतवाले पटापटा मेले, तरी त्यांनी चर खणून पाणी काढलं. भावही बाजारापेक्षा चढा दिला.

आणि किती कुळं देशोधडीला लागली म्हणता? ब्रिटिश सरकारने अर्जच मागवले होते. १९३६ उजाडेपर्यंत ३,२७१ अर्ज आले, मंजूर झाले ६६४. सहाशे चौसष्ट कुटुंबं! आमच्याकडे एका धरणात यापेक्षा जास्त उठतात आणि त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही.

नाममात्र_शेतकरी

वाकडकर, हा आकडा तुम्ही काढणार हे माहीत होतं. त्या यादीत नाव लागायला अटी काय होत्या तेही सांगा की. स्वतःची जमीन विकावी लागलेला चालत नाही. मजुरीने नांगर धरणारा चालत नाही. उठवल्यावर दुसरीकडे कूळ म्हणून लागलेला चालत नाही. चाळणी एवढी बारीक केल्यावर पीठ किती पडणार?

त्याच सरकारचा होप सिम्पसन १९३० मध्ये लिहून गेला की ज्यूंची अशीच आवक चालू राहिली तर शेतकऱ्याला जमीन पुरणार नाही. त्यावरून वसाहतमंत्री पासफील्डची श्वेतपत्रिका निघाली, लंडनमध्ये बोंब झाली, आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान मॅकडोनल्डने पत्र लिहून तिच्यातली हवा काढली. वादी हवारिथ बघा. गहाण पडलेली जमीन १९२९ मध्ये लिलावात गेली, हजाराहून जास्त माणसं कोर्टाच्या हुकमाने पोलीस आणून १९३३ पर्यंत हलवली. कागद शंभर टक्के कायदेशीर. मी बेकायदा म्हणतच नाहीये. कायदा कोणाच्या बाजूने लिहिला होता ते म्हणतोय.

चरीची_सून

धागाकर्त्यांना अनुमोदन. हे वाचून मला आमचं अलिबागच आठवलं. खोत म्हणजे सुरसुकच. फरक एवढाच की आमचा खोत बैरूतला नाही, पेणला बसायचा. चरीच्या कुळांनी १९३३ ते १९३९ सहा वर्षं जमीन पडीक ठेवून संप केला. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, त्या दिवसांत करवंदं आणि कंदमुळं खाल्ली, जंगलातनं मोळ्या आणून विकल्या, पण खोताच्या शेतात पाय टाकला नाही. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. तेव्हा कुठे स्वातंत्र्यानंतर कसेल त्याची जमीन झाली. पॅलेस्टाईनच्या कुळाला आमच्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटीलही मिळाले नाहीत आणि आंबेडकरही.

वतनदाराचा_नातू

आलात का मूळ पदावर! "कसेल त्याची जमीन"!

ताई, माझे आजोबा मुंबईत पोस्टात कारकून. देवरुखजवळ चार एकर भातशेती आणि सात आंबे. चार एकर! गावच्या माणसाला विश्वासाने कसायला दिली, कागद नाही, पावती नाही. १ एप्रिल १९५७ उजाडला आणि त्याच माणसाच्या नावावर झाली. भरपाई मिळाली त्यात त्या वर्षी आजीची नथसुद्धा सुटली नाही. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, "एप्रिल फूल." त्यांच्यासाठी कोणता आयोग आला? आम्ही निर्वासित म्हणून कुठल्या छावणीत नोंदवायचं? आंब्यांवर तर कुळाचा हक्कच नव्हता, तेही गेले.

चरीची_सून

तुमच्या आजोबांना पोस्टाचा पगार होता, पुढे पेन्शन होती. कुळाला भात नाही पिकलं तर काय होतं? आणि चार एकर "विश्वासाने" दिली म्हणता, अर्धं भात घरपोच येत होतं ते कोणत्या विश्वासाने?

वतनदाराचा_नातू

अर्धं नाही, तिसरा हिस्सा. माहिती नसताना बोलू नये. आणि पेन्शनवर बोलायचा तुम्हाला अधिकार नाही.

खडूस_खानदेशी

धागा पॅलेस्टाईनचा, भांडण देवरुखच्या आंब्याचं. मी शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

रोखठोक_वाकडकर

नाही, हे अवांतर माझ्या कामाचं आहे. "कसेल त्याची जमीन" मान्य ना? किबुत्झवाले (ज्यूंच्या सामाईक शेतीच्या वसाहती) स्वतःच्या हाताने कसत होते. देगानिया १९१० पासून. मजूर लावायचा नाही हे त्यांचं व्रत होतं. मग चरीच्या न्यायाने जमीन त्यांची झाली. घ्या!

चरीची_सून

वा! आधीच्या कुळाला उठवून मग स्वतः कसायला घेतली तर खोतही कूळ होईल. आमच्याकडे १९५७ च्या तोंडावर किती जणांनी हे नाटक केलं माहितेय? मुंबईहून आले, धोतर खोचलं, नांगराला हात लावून फोटो काढला.

वतनदाराचा_नातू

हा टोमणा मला असेल तर आमच्या आजोबांकडे कॅमेरा नव्हता.

नाममात्र_शेतकरी

लोकहो, आंबे बाजूला ठेवा. वाकडकर, मुद्दा चलाख आहे हे मान्य. पण मजूर न लावण्याचं जे व्रत तुम्ही मिरवताय, त्यामुळेच गावातला अरब कुळाचा मजूरसुद्धा होऊ शकला नाही. नवा धनी शोषण करत नव्हता, कारण त्याला हा माणूसच नको होता. खोताला निदान कूळ लागायचं.

(आणि नातूसाहेब, सात आंबे गेले याचं मलाही वाईट वाटतं. उपरोध नाही.)

उल्हासनगरी

मी सिंधी, शिक्षण मराठीत, म्हणून चुका माफ. माझ्या दादांचं शिकारपूरला तीन मजली घर होतं. १९४७ मध्ये कराचीहून बोटीने आले, कल्याण कॅम्पमध्ये लष्कराच्या बराकीत बारा वर्षं काढली. पलीकडे त्यांचं घर दुसऱ्याला दिलं. इकडे आपल्या सरकारने १९५० मध्ये निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा केला, गेलेल्या मुसलमानांची घरं ताब्यात घेतली, आम्हा लोकांना भरपाई दिली. इस्रायलनेही १९५० मध्ये अगदी तसाच कायदा केला. दादांनी परत कधी घर मागितलं नाही. दुकान टाकलं. पापड विकले. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं छावणीत राहून कुठला देश मोठा झालाय? अरब देशांतून आठ लाखांच्या वर ज्यू निघाले. बगदादमध्ये १९४१ ला फरहूद झाला, दीडशेच्या वर ज्यू मारले. १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास लोक विमानाने इस्रायलला गेले आणि मागून इराकने त्यांची मालमत्ता गोठवली. त्यांच्यासाठी कोण रडतं? ही अदलाबदल होती. झाली. संपली.

नाममात्र_शेतकरी

तुमच्या दादांना साष्टांग. पण त्यांना पहिल्या दिवसापासून नागरिक म्हणून घेतलं, मत दिलं, कर्ज दिलं. लेबननमध्ये पॅलेस्टिनी माणसाची चौथी पिढी आहे, नागरिकत्व नाही, कित्येक धंदे करायला बंदी. हो, हा दोष अरब सरकारांचा. लिहून घ्या, वाकडकर, तुम्हाला आज पहिल्यांदा काहीतरी दिलं.

पण "संपली" म्हणू नका. तुमच्या शिकारपूरच्या बाबतीत संपली. वेस्ट बँकेत आज सकाळी चालू आहे. १९७९ मध्ये एलोन मोरेच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाजगी जमीन लष्करी गरज म्हणून घेऊन तिथे अशी वस्ती बांधता येणार नाही. सरकारने काय करावं? १८५८ चा तोच उस्मानी कायदा बाहेर काढला. त्यात कलम आहे, जमीन बरीच वर्षं कसली नाही तर सरकारजमा. मग सर्वे, नकाशे, खडकाळ तुकडा कसलेला की न कसलेला, आणि लाखो दुनम "सरकारी". (दुनम म्हणजे साधारण दहा गुंठे.) आज्याने नाव लावलं नाही म्हणून नातवाची जमीन गेली. माझ्या पहिल्या पोस्टमधल्या माणसाचा नातू!

रोखठोक_वाकडकर

एक मिनिट. १९४८ मध्ये जॉर्डनच्या हाती गेलेल्या भागात एक ज्यू शिल्लक ठेवला होता का? कफार एत्झिऑन ही ज्यू वसाहत १३ मे १९४८ ला पडली, शंभरावर माणसं मारली, शरण आलेलीसुद्धा. जुन्या जेरुसलेममधली ज्यूंची आळी रिकामी केली. हेब्रॉनमध्ये १९२९ सालीच ६७ ज्यू कापले. ते कोण, कालचे आलेले? शेकडो वर्षं तिथेच राहणारे. जमीन हे निमित्त होतं, शेजारी ज्यू नको हे कारण होतं. आणि गाझातून २००५ मध्ये आठ हजारांवर वस्तीवाले स्वतःच्या सैन्याने उचलून बाहेर काढले, त्याचं फळ काय मिळालं? जमीन दिली, रॉकेट आले. ७ ऑक्टोबर २०२३ ला ज्या किबुत्झांत माणसं मारली ती तर १९६७ च्या आतल्या हद्दीत आहेत.

नाममात्र_शेतकरी

हेब्रॉन मान्य. एत्झिऑन मान्य. ७ ऑक्टोबरला "पण" लावणार नाही. तसंच त्यानंतर गाझात जे झालं त्यालाही तुम्ही "पण" लावू नका, म्हणजे आपलं जमेल.

काडीपेटी

गांधीजींनी १९३८ मध्येच लिहिलंय, इंग्लंड इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं. विषय संपला.

भगवा_कंदील

आणि सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं आणि भारताने विरोधात मत दिलं म्हणून खेद व्यक्त केला. विषय खरोखर संपला.

खडूस_खानदेशी

दोघांनीही पुढच्या धाग्यावर जावं. इथे आंबे चाललेत.

मलिदा_प्रेमी

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ रेवदंड्याकडचे. आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी बंद. माझी मावशी १९६३ मध्ये मुंबईहून इस्रायलला गेली, सध्या लोडमध्ये. घरात मराठी, बाहेर हिब्रू, भांडताना दोन्ही.

तिचं ऐकून सांगतो. तिला आधी कोणी ज्यूच मानेना. १९६२ मध्ये तिथल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) फर्मान काढलं होतं की आमच्या लोकांचं लग्न लावण्याआधी पिढ्या तपासा. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरलं तेव्हा सरकार हललं. मावशी त्यात होती, कडेवर पोर घेऊन. म्हणजे ज्या देशासाठी तुम्ही इथे बाह्या सरसावताय तिथे आम्हाला आपण कोण हे सिद्ध करायला उन्हात बसावं लागलं.

तिच्या चाळीसारख्या इमारतीत वरच्या मजल्यावर बगदादची एक बाई. तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं तिकडे, एक सुटकेस घेऊन आली. उल्हासनगरी म्हणतात ते खरं आहे, तिच्यासाठी कोणी रडलं नाही. ती स्वतः मात्र रोज रडायची, अरबीत.

आणि खाली कोपऱ्यावर अबू-काहीतरी नावाचा अरब वाणी. त्याच्याकडे लहान भेंडी मिळायची म्हणून मावशी तिथे जायची. जुलै १९४८ मध्ये लोड आणि रामले इथल्या पन्नास हजारांवर माणसांना उन्हात पूर्वेकडे चालवत नेलं. हे अरबांचं म्हणणं म्हणून उडवू नका. त्या कारवाईतले अधिकारी, पुढे पंतप्रधान झालेले राबिन यांनी स्वतःच्या आठवणींत लिहिलं होतं, सेन्सॉरने तो भाग कापला, तो १९७९ मध्ये छापून आला. शहरात हजारेक अरब राहिले, त्यात हा वाणी. तेव्हा पोरगा होता. तो कुठे गेलाच नाही. तरी त्याच्या बापाचं घर "गैरहजरांची मालमत्ता" म्हणून सरकारकडे गेलं, कारण लढाईच्या दिवसांत ते घरात नव्हते, देवळाच्या आवारात लपले होते. त्यांना तिथे शब्दच आहे, हजर गैरहजर. दोन गल्ल्या सोडून ते घर, त्यात मोरोक्कोचं कुटुंब. तो रोज दुकान उघडायला तिथूनच जायचा.

मावशीने एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाला, भेंडी किलोभर देऊ की अर्धा?

चरीची_सून

😔

वतनदाराचा_नातू

गेला कुठेच नाही आणि गैरहजर. आमच्या आजोबांची तरी गैरहजेरी खरी होती. (हे मी कुळवाल्यांच्या बाजूने बोललेलो नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नये.)

रोखठोक_वाकडकर

मलिदासाहेब, तुमच्या मावशीबद्दल आदर. पण एका वाण्यावरून देशाचा निकाल लावता येत नाही. त्या वाण्याला मत आहे, दवाखाना आहे, त्याचा मुलगा शिकला असेल. दमास्कसमध्ये ज्यू वाणी दाखवा.

मलिदा_प्रेमी

निकाल मी कुठे लावला? तुम्ही "एक इंचही" म्हणालात, मी एक घर दाखवलं. त्याच्या लोकांना १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता, गावाबाहेर जायला परवाना लागायचा, तेही मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. शिवाय १९७० पासून कायदा असा, की पूर्व जेरुसलेममध्ये १९४८ आधीचं घर ज्यूला परत मागता येतं. शेख जर्राहमधल्या लोकांना त्याच कायद्याने नोटिसा लागल्या. त्याच शहराच्या पश्चिमेला अरबाचं घर असेल तर त्याला नाही मागता येत. दोघांचा सातबारा सारखाच जुना.

रोखठोक_वाकडकर

"एक इंचही" मी म्हणालो नाही, तो ग्रुपवरचा मजकूर. मी हिशेब म्हणालो.

नाममात्र_शेतकरी

मग हिशेबाने बोला, शेख जर्राहचा कायदा बरोबर की चूक?

रोखठोक_वाकडकर

एकतर्फी आहे. झालं समाधान? दोन्हीकडे लावायला हवा होता किंवा कुठेच नको. खोऱ्यातल्या खरेदीवर मात्र एक शब्द मागे घेणार नाही. हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

खडूस_खानदेशी

यांचं हेमाशेपो मी मोजतोय. या महिन्यातलं चौथं.

चरीची_सून

मलिदा, त्या वाण्याचं पुढे काय झालं? मावशींना विचाराल?

मलिदा_प्रेमी

काल रात्री फोन लावला. दुकान बंद झालं, मुलगा हैफाला असतो म्हणाली. मोरोक्कोवालेही गेले, त्या घरात आता कोण राहतं ते तिने विचारलं नाही. मग माझ्यावरच उखडली. "तुला काय करायचंय लोडच्या घराचं? आधी रेवदंड्याचा आपला घाणा कोणाकडे आहे ते बघ."

वतनदाराचा_नातू

कोणाकडे आहे?

मलिदा_प्रेमी

शेजाऱ्यांकडे. घरपट्टी तेच भरतात, १९७१ पासून.

वतनदाराचा_नातू

कागद?

मलिदा_प्रेमी

नाही.